बहात्तर महिने

पेन्शन कचेरीतून रोक्सांदा थेट कारखान्यात आली. ठेवणीतला कोट अंगावर तसाच, डोक्याचा रुमाल तसाच. पिठाच्या पोत्यावर धपकन बसली आणि म्हणाली, "मी सहा वर्षं काम केलेलंच नाही म्हणे."

स्तामेंका कणकेचे गोळे तेलात लोळवत होती. तिचा हात थांबला.

"कोण म्हणतं?"

"काचेमागची पोरगी म्हणते. तिच्या पडद्यावर मी गिरणीतच संपलेय. बारा वर्षं सूतगिरणी आणि पुढं सगळं कोरं. मी म्हटलं, बाई गं, नीट बघ, रोज पहाटे पाचला उठून मी जाते ती कुठं जाते मग? तर म्हणते, ते मला कसं माहीत असणार आजी. आजी म्हणाली मला!"

"त्यांचंच काहीतरी चुकलं असेल."

"त्यांचं चुकतं आणि माझं जातं. पंधरा वर्षं भरावी लागतात, स्तामेंका. बारा आणि सहा अठरा, म्हणून मी निवांत होते. नुसत्या बाराला काय देतात ठाऊक आहे? 'या आता' म्हणतात. तेवढंच देतात."

कारखाना म्हणायचा तो म्हणण्यापुरताच. घरामागच्या दोन खोल्या, एक नऊ हात लांब टेबल आणि दोन बायका. पीटा, म्हणजे सारण भरून भाजलेला थराथरांचा पदार्थ, करायला जे कणकेचे पातळ पापुद्रे लागतात, ते इथं हातानं ओढून व्हायचे. गोळा टेबलाच्या मधोमध ठेवायचा, खालून मुठी घालायच्या आणि बोटांची नखं लागू न देता हाताच्या मागच्या बाजूवर कणीक ओढत ओढत टेबलभर पसरायची. खाली वर्तमानपत्र ठेवलं तर वाचता आलं पाहिजे, इतकी पातळ. हे काम एकटीचं नव्हेच. एक या बाजूला, एक त्या बाजूला. दोघींचा जोर सारखा नसला की भोक पडलंच. सहा वर्षं या दोघी अशा समोरासमोर उभ्या होत्या. एवढं समोरासमोर तर नवरा-बायकोही राहत नाहीत. उभ्यानं काम करून रोक्सांदाच्या पोटऱ्यांवरच्या शिरा द्राक्षांच्या घडासारख्या फुगल्या होत्या. ईस्टरपर्यंत काम करायचं आणि मग पाय वर करून बसायचं, असं तिनं ठरवून ठेवलं होतं.

स्तामेंका बोलायची हळू. इतकी हळू की गिऱ्हाइकाला कान पुढं करावा लागे. बुधवारी आणि शुक्रवारी ती तेलसुद्धा खायची नाही. दिवसभर हात तेलात, पण जिभेवर थेंब नाही. ख्रिसमसच्या आधीच्या चाळीस दिवसांच्या उपासात तर तिचा स्वतःचा आणखी एक नेम होता, कुणाला टाकून बोलायचं नाही. तो उपास आता चालूच होता. म्हणून तिनं ओठ मिटले, हात धुतले आणि कपाटावरून बिस्किटांचा पत्र्याचा डबा काढला.

"हे बघ. सगळ्या पावत्या. दर महिन्याच्या दहा तारखेला मी स्वतः पोस्टात गेलेय, तुझ्या नावानं पैसे भरलेत, शिक्का मारून घेतलाय. एकही महिना चुकलेला नाही. उद्या मी येते तुझ्याबरोबर. बघू ती पोरगी काय म्हणते."

रोक्सांदानं डब्यात डोकावून पाहिलं. तिच्या जिवात जीव आला. "मग ठीक आहे," ती म्हणाली. "उद्या तिला म्हणू, आजी तुझी आई."

दुसऱ्या दिवशी काचेमागच्या मुलीनं पावत्या घेतल्या. एक पाहिली, दुसरी पाहिली, मग पत्ते पिसावेत तशा भराभर खालीवर केल्या.

"मावशी, शेवटच्या ओळीतला हा आकडा बघा. आणि या पावतीवरचा. आणि हा."

"एकच आहे," स्तामेंका म्हणाली. "बरोबर लिहिलाय. अक्षर तर बघा किती सुरेख."

"अक्षर सुरेख आहे. पण आकडा दर महिन्याला वेगळा असतो. आधी त्या महिन्याचा अर्ज पाठवायचा, मग त्या महिन्याचा आकडा येतो, मग त्या आकड्यावर पैसे भरायचे. तुम्ही पहिल्याच महिन्याच्या आकड्यावर सहा वर्षं पैसे ओतलेत. त्याही अर्जातला कामगाराचा क्रमांक चुकलाय, त्यामुळं तो महिनासुद्धा यांच्या नावावर बसलेला नाही. बाकीच्या महिन्यांचे तर अर्जच नाहीत. तुमच्या हिशेबनिसाला विचारा."

"हिशेबनीस नाही माझ्याकडं. आमचा कूम बघतो."

मुलीनं भुवया उंचावल्या. मागं रांगेत उभा असलेला एक माणूस खो खो हसला. "कूम का!" तो म्हणाला. "मग पेन्शन पण कूमच देईल!"

रोक्सांदा हसली नाही. तिनं स्तामेंकाकडं पाहिलंही नाही. काचेच्या खालून पावत्यांचा गठ्ठा परत घेतला, स्तामेंकाच्या हातात दिला आणि दाराकडं चालू लागली.

कूम म्हणजे लग्नात नवऱ्याशेजारी उभा राहून साक्ष देणारा. पुढं मुलांची नावं ठेवणाराही तोच. रक्ताचं नातं नाही, पण सख्ख्या भावाशी भांडता येतं, कूमाशी येत नाही. वर देव आणि खाली कूम, असं तिथल्या म्हाताऱ्या म्हणतात. स्तामेंकाचा नवरा रादिशा गेला तेव्हा गुडघाभर बर्फातून कूम वितोमीरच आधी पोचला होता. पुढं तिनं पापुद्र्यांचं काम सुरू केलं, रोक्सांदाला कामावर घेतलं, तेव्हा वितोमीर म्हणाला, "कागदपत्रांची काळजी तू करू नकोस पोरी. चाळीस वर्षं पोस्टात काढलीत मी. हे काय मला जड आहे?" त्याला एक पैसा नको होता. सणाला प्लमच्या दारूची बाटली आणि अधूनमधून भोपळ्याची पीटा, बास. दर महिन्याला तो पावती भरून आणून द्यायचा, मोत्यासारखं अक्षर. स्तामेंका ती पोस्टात न्यायची. तिनं बहात्तर वेळा तो आकडा हातात धरला होता. बहात्तर वेळा.

त्याच काळात ओलिवेरा नावाची हिशेबनीस तिच्या दारात आली होती. औषधाच्या दुकानावर तिची कचेरी होती. बाई चांगली होती, पायपुसण्यावर बूट पुसून आत आली होती. स्तामेंकानं तिला कॉफी दिली आणि म्हटलं, "परक्या बाईला पैसे कशाला देऊ? मला कूम आहे." किती तोऱ्यात म्हटलं होतं! कचेरीतून बाहेर पडताना ते आठवलं आणि तिचे कान तापले.

ती तशीच औषधाच्या दुकानावरचा जिना चढली.

ओलिवेरानं डबा पाहिला, पावत्या पाहिल्या. जुनं काही काढलं नाही, टोमणा मारला नाही. "होईल," एवढंच म्हणाली. "बहात्तर महिन्यांचे बहात्तर अर्ज मागून भरावे लागतील. पैसे सरकारकडं पोचलेत, ते हलवून घेता येतील. दंड होईल, तो हप्त्यांनी भरा. पण मला तुमच्या बाईंचा नोकरीचा मूळ करार पाहिजे, दर महिन्याचे पगाराचे कागद पाहिजेत आणि सरकारकडून आलेली पत्रं पाहिजेत."

"पत्रं आलीच नाहीत."

"आली असणार. असं सहा वर्षं कुणी गप्प बसत नाही. पत्ता कुणाचा दिलाय?"

पत्ता कूमाचा होता.

"चूक कूमाची आहे," ती म्हणाली. "त्याच्याकडून लिहून घेऊ का तसं?"

"लिहून घेऊन कुणाला दाखवणार? कायद्यात कूम नावाचा माणूसच नाही. पाटीवर नाव तुमचं. चूक तुमची." ओलिवेरानं चष्मा काढला. "तुमच्या बाईंचा पेन्शनचा अर्ज मी तीस दिवस थांबवून ठेवायला सांगते. पण कागद लवकर आणा. कागदाशिवाय मी नुसती बाई आहे."

परत आल्यावर दोघींनी दुपारचा घाणा घेतला. एकीकडून स्तामेंका, दुसरीकडून रोक्सांदा. कणीक मधोमध फाटली. पुन्हा गोळा केला, पुन्हा ओढली, पुन्हा फाटली. तिसऱ्यांदा भोक पडलं तशी स्तामेंका हलकेच म्हणाली, "तू खेचतेस."

"मी खेचते?" रोक्सांदानं हात खाली टाकले. "सहा वर्षं नाही खेचलं, तेच चुकलं माझं. तुला मी काय मागितलं होतं गं? बाकीच्या मालकिणी पाकिटातून पगार देतात, कागद नाही, पत्र नाही. मी म्हटलं, स्तामेंका देवाची बाई आहे, तिच्याकडं सरळ कागदावर काम होईल. पगार दोन पैसे कमी घेतला त्यासाठी. आठवतं?"

"आठवतं."

"मग कूमाच्या हाती का दिलंस मला?"

"तो घरचा माणूस..."

"तुझ्या घरचा!" रोक्सांदाचा आवाज चिरकला. "कूम तुझा होता, स्तामेंका. माझा नव्हता. फुकटात काम तुझं झालं आणि त्याचं मोल मी भरलं. आता या पायांनी आणखी तीन वर्षं उभी राहू का, कूमाच्या मानासाठी?"

तिनं एप्रन काढला, नीट घडी करून टेबलावर ठेवला. तिनं तो फेकला असता तर स्तामेंकाला बरं वाटलं असतं.

ती गेल्यावर स्तामेंका कितीतरी वेळ फाटलेल्या कणकेकडं बघत उभी राहिली. पिठाचं प्रत्येक पोतं ती बोटानं चाचपून घ्यायची. तेल हुंगून घ्यायची. अंडी उजेडात धरून बघायची. गिरणीवाल्यानं एकदा ओलं पीठ दिलं तर तिनं गाडी परत पाठवली होती. आणि एका माणसाचं म्हातारपण तिनं न बघता घेतलं, न बघता दिलं, बहात्तर वेळा शिक्का मारून. कूमावरचा राग तिच्या छातीत होताच. पण त्याच्याखाली दुसरा एक राग होता, तो स्वतःवरचा. तो जास्त तापला होता.

शुक्रवारी सकाळी ती वितोमीरच्या घरी गेली. त्याच्या बायकोनं, मिलियानानं, रीतीप्रमाणं तिच्यासमोर बिहीफळांचा मोरंबा आणि थंड पाण्याचा पेला ठेवला. स्तामेंकानं चमचा उचलला नाही.

"कूमा, तो पावतीवरचा आकडा दर महिन्याला बदलतो म्हणे."

वितोमीर खिडकीजवळच्या खुर्चीत बसला होता. पांढरीशुभ्र मिशी, इस्त्रीचा शर्ट. "कोण म्हणतं?"

"ओलिवेरा."

"ओलिवेरा!" तो हसला. "ती पगारी बाई. तिला गिऱ्हाईक पाहिजे. कुंभार कधी दुसऱ्याच्या मडक्याला चांगलं म्हणेल का?"

"पेन्शन कचेरीतही तेच म्हणाले."

"अगं पोरी, पहिला अर्ज माझ्या भाच्यानं संगणकावर भरून दिला, आकडा आला. आकडा मिळाल्यावर परत परत काय विचारायचं? माझ्या खात्याचा आकडा चाळीस वर्षं एकच आहे. माणूस दर महिन्याला नाव बदलतो का? तू लग्नानंतर कितीदा बदललंस?"

त्याला ते खरंच पटलेलं होतं. त्याचा चेहरा स्वच्छ होता, आणि तो स्वच्छ चेहरा बघून तिच्या हातांना मुंग्या आल्या.

"पत्रं आली होती का, कूमा?"

वितोमीरनं खिडकीबाहेर पाहिलं. "पत्रं काय, येतात."

"आली होती की," मिलियाना दारातून म्हणाली. "निळी पाकिटं. त्या टेबलाच्या खणात ठेवतो हा."

"मिलियाना, तुला कुणी विचारलं?"

"कुणी विचारत नाही म्हणूनच सांगते. मी म्हटलं, उघड की रे ते. तर म्हणाला, सरकारी पत्रं फळांसारखी असतात, ठेवली की आपोआप खराब होतात."

"किती आहेत?" स्तामेंकानं विचारलं.

वितोमीरनं शर्टाची बाही सरळ केली.

"कूमा, मी विचारतेय, किती आहेत?"

"तू माझा हिशेब घ्यायला आलीस?" वितोमीर उठून उभा राहिला. "रादिशाच्या शेजारी कोण उभं होतं? तुझ्या लेकीचं नाव कुणी ठेवलं? त्या बर्फात कोण आलं होतं? सहा वर्षं फुकट राबलो मी तुझ्यासाठी, कधी एक दिनार मागितला? आणि आज, उपासाच्या शुक्रवारी, तू कूमाच्या घरात येऊन मोरंब्याला हात न लावता बसतेस! वा गं वा! बुधवारी तेल खात नाहीस, शुक्रवारी तेल खात नाहीस, पण कूमाला कच्चा खातेस!"

स्तामेंकाला तो घाव बरोबर बसला. तिनं मान खाली घातली. एरवी ती इथंच उठली असती, चुकलं म्हणाली असती. पण तिच्या मनात एप्रनची घडी होती.

"मला फक्त रोक्सांदाचा करार आणि पगाराचे कागद द्या," ती हळू म्हणाली. "मी जाते."

"कोण रोक्सांदा?"

"कोण?"

"असं डोळे काढून बघू नकोस. नाव लक्षात राहत नाही माझ्या."

बहात्तर पावत्यांवर त्यानं ते नाव लिहिलं होतं. वळणदार, मोत्यासारखं. आणि ते कुणाचं नाव आहे हे त्याला माहीत नव्हतं. कधी माहीत करून घ्यावंसं वाटलं नव्हतं.

स्तामेंका उठली. टेबलाजवळ गेली, खणाची कडी धरली आणि ओढली. खण घट्ट होता. तिनं दोन्ही हातांनी हिसका दिला, रोज मणभर कणीक मळणारे हात, आणि खण सगळाच्या सगळा बाहेर आला. वरच निळी पाकिटं होती. न उघडलेली. पंधरा-वीस तरी. त्यांच्याखाली करार आणि पगाराचे कागद.

"ठेव ते!" वितोमीर ओरडला. "ठेव! माझ्या घरातला खण आहे!"

"खण तुमचा आहे, कूमा. आतली बाई माझी आहे," स्तामेंका म्हणाली, आणि आयुष्यात पहिल्यांदा तिचा आवाज शेजारच्या घरात ऐकू गेला. "तुम्हाला येत नव्हतं तर सांगायचं होतं! 'मला येत नाही' एवढंच! मी तुमच्या पाया पडले असते! पाकिटं उघडायची लाज वाटली तुम्हाला, आणि त्या लाजेवर तिचे पाय सडले! फुकट राबलात? तुम्ही फुकट राबला नाहीत. तुम्ही माझं तोंड विकत घेतलंत. सहा वर्षं मी तुम्हाला एक प्रश्न विचारू शकले नाही!"

वितोमीर खुर्चीत बसला. मिलियाना बाजूला झाली आणि तिनं दार उघडं धरलं.

डिसेंबरच्या उन्हात स्तामेंका तो लाकडी खण छातीशी धरून भर रस्त्यातून चालत गेली. बेकरीपुढं उभ्या असलेल्या बायका वळून बघू लागल्या. कुणीतरी विचारलं, "काय गं, घर बदलतेस का?" ती चालत राहिली. नेम मोडला होता, हे तिला कळत होतं. पण पश्चात्ताप मात्र होत नव्हता. त्याची तिला भीती वाटली, तरी खण खाली ठेवला नाही. औषधाच्या दुकानावरचा जिना ती खणासकट चढली.

ओलिवेरानं पाकिटं कात्रीनं एकेक करून उघडली. तिसऱ्या पाकिटात लिहिलं होतं की अर्ज मिळालेले नाहीत, पंधरा दिवसांत खुलासा करावा. ते पाच वर्षांपूर्वीचं होतं. तेव्हाच उघडलं असतं तर काम एका दुपारचं होतं, ती म्हणाली. मग तिनं खुर्ची ओढून दिली. "बसा. मी भरते, पण वाचायचं तुम्ही. प्रत्येक अर्जावर नाव वाचा, महिना वाचा, मग सही करा. माझ्यावरसुद्धा विश्वास ठेवू नका."

"मग तुम्हाला पैसे कशाचे देऊ?"

"विचारायचे," ओलिवेरा म्हणाली. "मला कधीही, काहीही विचारता येईल, त्याचे."

तिची महिन्याची फी ऐकून स्तामेंकाला आणखी राग आला, कारण ती फार नव्हती. तेवढ्या किमतीची पीटा ती महिन्याला नात्यागोत्यात वाटून टाकायची.

गावानं अर्थातच कूमाची बाजू घेतली. "कूमाचा खण पळवला," अशी कथा झाली. दोन जुन्या गिऱ्हाइकांनी पापुद्रे दुसरीकडून घ्यायला सुरुवात केली. संत निकोलाच्या दिवशी, म्हणजे स्तामेंकाच्या घरच्या कुलदैवताच्या सणाला, बोलावणं कुणालाच करायचं नसतं. यायचे ते येतात. तिनं गव्हाचा प्रसाद केला, मेणबत्ती लावली, मासे रांधले. पाहुणे आले, पण टेबलाच्या टोकाची कूमाची खुर्ची रिकामीच राहिली आणि सगळे तिच्या आजूबाजूला बघून बोलत राहिले. संध्याकाळच्या आत मिलियाना एकटी आली. उभ्यानंच चमचाभर प्रसाद खाल्ला.

"तो घरी बसलाय," ती म्हणाली. "म्हणतो, तू पाय धरायला येशील."

"मी येणार नाही."

"येऊ नकोस," मिलियाना म्हणाली, तोंड पुसलं आणि गेली.

रोक्सांदा चार दिवसांनी कामावर परत आली होती. दुसरीकडं जाणार कुठं? एप्रन बांधायची, समोर उभी राहायची, ओढायची. बोलायची कामापुरतं. "पीठ." "तेल." "सोड." कणीक आता फाटत नव्हती, पण त्या मुकेपणानं स्तामेंकाचं रोज काहीतरी आतल्या आत फाटत होतं. ओलिवेराकडं जाऊन सह्या केल्याचं ती सांगायची, "आज वीस झाले," "आज चाळीस," तर रोक्सांदा नुसती मान हलवायची. ख्रिसमसला स्तामेंका चर्चमध्ये गेली, पण प्रसादाच्या रांगेत उभी राहिली नाही. मनात राग असताना तो घेऊ नये, हे तिला लहानपणापासून माहीत होतं, आणि राग नाही असं देवासमोर खोटं कसं सांगणार?

जानेवारीच्या अखेरीला एका सकाळी रोक्सांदा पुन्हा ठेवणीतल्या कोटात आली. हातात कागद होता. तो तिनं टेबलावर, पिठावरच, ठेवला.

"आलं," ती म्हणाली. "पेन्शन मंजूर झाली."

स्तामेंका खुर्चीवर बसली. "देवा, तुझे उपकार," ती पुटपुटली आणि तिनं क्रूसाची खूण केली.

"वाच."

"वाचते की. सूतगिरणी बारा वर्षं. इथं..."

"इथं किती? मोठ्यानं वाच."

"पाच वर्षं अकरा महिने."

"सहा वर्षं म्हणजे किती महिने, मालकीणबाई?"

स्तामेंकानं पुन्हा वाचलं. बोट ठेवून वाचलं. एकाहत्तर. "पण पंधराच्या वर गेलं ना? तुला पुरतंय ना, रोक्सांदा?"

"पुरतं." रोक्सांदानं दोन्ही हात टेबलावर टेकले. "पण तो महिना मी काम केलंय. तीन वर्षांपूर्वीचा मार्च आहे तो. बघ, फेब्रुवारी आहे, एप्रिल आहे. त्या मार्चमध्ये माझी बहीण गेली आणि तिसऱ्या दिवशी मी इथं उभी होते. तू म्हणाली होतीस घरी जा, मी म्हटलं, घरी जाऊन भिंत बघू का? तो मार्च आहे. तो मी कुणाला सोडणार नाही. पुरत असला तरी."

स्तामेंका उठली. पीठभरल्या हातानंच फोन उचलला.

"ओलिवेराबाई, मार्च कुठं गेला?"

"सुप्रभात, स्तामेंकाबाई. कुठला मार्च?"

"रोक्सांदाचा. तीन वर्षांपूर्वीचा. एकाहत्तर आलेत, बहात्तर पाहिजेत. मी सही केलीय त्यावर, वाचून केलीय, मला आठवतं. मग कुठं गेला? मी तुम्हाला फी देते ना? मग मला सांगा, कुठं गेला!"

तिचा आवाज चढला होता. तो चढलेला तिलाच ऐकू आला. पलीकडं कागदांची सळसळ झाली. आता ती म्हणेल, मी तुमच्यासाठी एवढं केलं आणि तुम्ही असं बोलता. आता ती रडेल, किंवा तीन दिवस बोलणार नाही. स्तामेंकानं फोन घट्ट धरला.

"सापडला," ओलिवेरा म्हणाली. "तुमची सही आहे. मी फेब्रुवारी दोनदा पाठवला आणि मार्च राहिला. चूक माझी. उद्या दुरुस्त करते."

"उद्या नाही."

"बरं, आज. दुपारी पोच पाठवते, तुम्ही वाचून बघा."

फोन बंद झाला. स्तामेंका तशीच उभी राहिली. राग अजून होता, पण त्याला पुढं जायला जागाच उरली नव्हती. कुणी लग्नातल्या साक्षीची आठवण दिली नव्हती, कुणी बर्फातल्या मदतीची.

"काय म्हणाली?" रोक्सांदानं विचारलं.

"चूक माझी म्हणाली. आज करते म्हणाली."

"आणि फुगली नाही?"

"फुगेल कशाला? पैसे देते मी तिला."

रोक्सांदानं कोट काढला, खुंटीला लावला, एप्रन बांधला. स्तामेंकानं गोळा टेबलाच्या मधोमध ठेवला. दोघींनी दोन्ही बाजूंनी खालून मुठी घातल्या आणि कणीक ओढायला सुरुवात केली.

"ईस्टरपर्यंत आहे मी," रोक्सांदा कणकेकडं बघत म्हणाली. "म्हणजे जानेवारी, फेब्रुवारी, मार्च आणि एप्रिलचे काही दिवस. ते धरलेत का तिनं, विचारलंस?"

"नाही विचारलं."

"मग?"

स्तामेंकानं कणकेखालून हात काढले, एप्रनला पुसले आणि पुन्हा फोन लावला.